लुटुपुटूची लढाई आणि तिसरा पक्ष

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील चार-पाच तरुण एक कल्पना घेऊन आमच्याकडे आले. वसईच्या किल्ल्यात १७३९ चा वेढा पुन्हा उभा करावा, असे त्यांच्या मनात होते. एका बाजूला चिमाजी अप्पांची मराठी फौज, दुसऱ्या बाजूला तटावर पोर्तुगीज शिपाई, सुरुंगाचा धूर, तोफांचे आवाज आणि शेवटी शरणागतीचा करार, असा एकंदर बेत होता. युरोपात वॉटर्लूची आणि अमेरिकेत गेटिसबर्गची लढाई हजारो हौशी माणसे अशीच उभी करतात. त्याच्या चित्रफिती त्यांनी पाहिल्या होत्या. "फादर, इतिहास जिवंत होईल," त्यांच्यापैकी एक जण उत्साहाने म्हणाला. आम्ही त्याला एवढेच विचारले, "बाळा, तू कोणत्या बाजूने उभा राहशील?" तो क्षणभर गप्प राहिला आणि मग हसून म्हणाला, "ते अजून ठरवलं नाही."

त्याला उत्तर सुचले नाही, यात त्याचा दोष नव्हता. प्रश्न विचारणे सोपे होते. उत्तर शोधताना आमचीही अडचण झाली. म्हणून ज्या लढायांचे पुनःप्रयोग या तरुणांनी नमुना म्हणून पाहिले होते, त्यांचाच इतिहास आम्ही चाळला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा लढाईला मराठीत 'लुटुपुटूची लढाई' असा एक गोड शब्द आहे. आपण तो मुलांच्या खेळासाठी वापरतो. पण प्रौढ माणसेही हा खेळ खेळतात आणि मुलांपेक्षा कितीतरी अधिक गांभीर्याने खेळतात. या मंडळींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांतील अनेक जण जुन्या विणीचे लोकरी कापड शोधून गणवेश शिवतात, गुंड्यांवरचे चिन्ह पारखून घेतात, तंबूत जमिनीवर निजतात, त्या काळच्या सैनिकांची दगडासारखी कडक बिस्किटे चावतात. एखाद्या पलटणीचा इतिहास त्यांना प्राध्यापकांहूनही अधिक तपशिलाने ठाऊक असतो. आणि म्हणूनच त्यांच्या तक्रारी ऐकण्याजोग्या आहेत. प्रयोग जितका मोठा, तितके हे जाणकार लोक अधिक खट्टू होऊन घरी परततात. त्यांचे असमाधान कोठून येते हे पाहिले, तर इतिहास आणि स्मरण यांच्या नात्याविषयी आपल्यालाही काही शिकता येईल.

हा छंद नवा नाही. रोमन सम्राट क्लॉडियस याने इ. स. ५२ मध्ये इटलीतील फुसिनो सरोवरावर आरमारी लढाईचा देखावा मांडला. त्यात १९ हजार माणसे उतरवली होती, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. ती माणसे शिक्षा झालेले गुन्हेगार होती. हातातील शस्त्रे खरी होती आणि रक्तही खरेच सांडले. पुष्कळ रक्तपात झाल्यावर उरलेल्यांना जीवदान मिळाले. काठावर आणि टेकड्यांवर बसून लोकांनी तो सोहळा डोळे भरून पाहिला. आजच्या प्रयोगांत कोणी मारले जात नाही, ही त्या मानाने केवढी तरी सुधारणा होय. पण सुधारणेबरोबर एक पेचही आला आहे. ज्या गोष्टीमुळे लढाई ही लढाई ठरते, ती मरणाची गोष्ट वगळून लढाई दाखवायची, असा हा पेच आहे.

तो नीट उमजावा म्हणून एकच रणांगण विचारात घेऊ. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये आणि संघराज्य अखंड राखू पाहणारी उत्तरेची राज्ये यांच्यातील हा संघर्ष होता. १८६३ च्या उन्हाळ्यात दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली उत्तरेच्या मुलखात शिरले आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या गावापाशी जनरल जॉर्ज मीड यांच्या सैन्याशी त्यांची गाठ पडली. १ ते ३ जुलै असे तीन दिवस दीड लाखाहून अधिक सैनिक तेथे झुंजले. ठार, जखमी, बंदी आणि बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंची सुमारे ५१ हजार माणसे कामी आली. त्यांतील सात हजारांहून अधिक ठार झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तोफांच्या प्रदीर्घ भडिमारानंतर दक्षिणेचे सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या शेतांतून सव्वा किलोमीटर चालत उत्तरेच्या फळीवर गेले. समोर एक बुटकी दगडी भिंत होती. तेथवर थोडेच पोहोचले. निम्म्याहून अधिक ठार झाले, जखमी झाले किंवा पकडले गेले. 'पिकेटची चढाई' या नावाने हा प्रसंग प्रसिद्ध आहे आणि हौशी सैनिकांना सर्वांत अधिक मोह याच प्रसंगाचा पडतो.

आता ही चढाई उभी करताना काय होते ते पाहावे. पहिली अडचण मरणाचीच. शेकडो मैल गाडी हाकत आलेला, महागडी बंदूक आणि दारू बाळगणारा हौशी सैनिक पहिल्याच फैरीत पडायला तयार नसतो. पडला तर उरलेला वेळ उन्हात निपचित पडून राहावे लागते आणि आणलेली दारू तशीच उरते. परिणामी तोफा धडाडतात, हजारो बंदुका झडतात आणि समोरची फळी जशीच्या तशी चालत राहते. कोणी कधी पडावे हे ठरवून देण्यासाठी नाना युक्त्या योजाव्या लागतात. जे पडतात ते सावली पाहून, मऊ गवत पाहून पडतात. सुरक्षेचे नियम तर कडक असतात, आणि ते असलेच पाहिजेत. बंदुकीत गोळी नसते, बार ठासण्याचा गज बहुधा नळीत घालू दिला जात नाही, जवळच्या माणसावर नेम न धरता नळी वर उचलावी लागते. शेवटी बिगूल वाजतो, मेलेले उठून कपडे झटकतात, आणि दोन्ही फळ्यांना टाळ्या मिळतात. आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. आणखी एक सोंग आणता येत नाही, ते मरणाचे.

प्रयोग प्रचंड केला की ही उणीव भरून निघेल, अशी आयोजकांची समजूत असते. घडते उलटेच. १९९८ साली गेटिसबर्गच्या १३५ व्या स्मृतिवर्षी पंधरा हजारांहून अधिक हौशी सैनिक जमले. २०१३ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा दोन स्वतंत्र आयोजकांनी लागोपाठच्या दोन शनिवार-रविवारी दोन वेगळे प्रयोग केले. ज्या लढाईने दुभंगलेले राष्ट्र सांधले गेले, तिच्या स्मरणातही असा दुभंग राहिला. बेल्जियममध्ये २०१५ साली वॉटर्लूच्या द्विशताब्दीला सुमारे पाच हजार माणसे, तीनशे घोडे आणि शंभर तोफा यांचा ताफा उतरवला होता. प्रत्येक सायंकाळी हजारो प्रेक्षक तिकीट काढून बसले होते. १८ जून १८१५ रोजी तेथे तिन्ही सैन्ये मिळून सुमारे १ लाख ९० हजार माणसे होती. म्हणजे अडतीस सैनिकांमागे एक सैनिक, असे हे प्रमाण पडते. दारूच्या धुराने मैदान झाकले गेले की प्रेक्षकांना काही दिसत नाही, आणि धूर नसला की फळ्यांमधली विरळ जागा उघडी पडते. शिवाय १८६३ चा सरासरी सैनिक पंचविशीचा, उपासमारीने वाळलेला पोरगा होता; त्याचे सोंग घेणारा बहुधा पन्नाशीचा, सुखवस्तू, पोट सुटलेला गृहस्थ असतो. सेनाधिकारी व्हायची हौस इतकी की सैनिकांच्या मानाने सरदारच फार होतात. हे सारे दोष जाणकारांना बोचतात. छोट्या प्रयोगात ते कल्पनेने झाकता येतात. प्रचंड प्रयोगात प्रत्येक दोष हजारांनी गुणला जातो.

या प्रयोगांना अधिकृत विरोधही झाला आहे. जुलै १९६१ मध्ये मनॅससच्या पहिल्या लढाईची शताब्दी आली. दोन हजारांहून अधिक माणसांनी प्रत्यक्ष रणभूमीवर ती लढाई पुन्हा खेळून दाखवली. भर उन्हाळ्याची काहिली, विक्रेत्यांची दुकाने आणि जत्रेसारखी गर्दी पाहून अनेक विचारवंतांनी खेद व्यक्त केला. त्या वर्षाच्या अखेरीस शताब्दी आयोगाचे अध्यक्षपद इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांच्याकडे आले आणि अशा देखाव्यांना उत्तेजन द्यावयाचे नाही, असे धोरण त्यांनी ठेवले. राष्ट्रीय उद्यान विभागाने तर पुढे आपल्या ताब्यातील रणभूमींवर दोन विरोधी फळ्या समोरासमोर उभ्या करून लुटुपुटूची लढाई खेळण्यास बंदीच घातली. त्यामुळे आजचे प्रयोग खऱ्या रणभूमीबाहेर, आसपासच्या खाजगी शेतांत होतात. जेथे माणसे खरोखर मेली, तेथे मरणाचे सोंग करू नये, हा त्यामागचा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. १९९८ च्या प्रयोगात फ्रान्समधून आलेल्या एका तरुणाच्या मानेत पिस्तुलाची खरी गोळी रुतली. सुदैवाने तो वाचला. तीन दिवसांच्या त्या गडगडाटात प्रत्यक्षात घडलेली लढाईची गोष्ट ती एकच, आणि तिला सर्वांनी योग्यच नाव दिले: अपघात.

तथापि धूर, पोट आणि मरण या तक्रारी वरवरच्या आहेत असे आम्हास वाटते. खरी उणीव निराळीच आहे. लुटुपुटूच्या लढाईत पक्ष दोनच असतात. तिसऱ्या पक्षाला तेथे जागाच नसते. गेटिसबर्गच्या ज्या टेकाडावर पिकेटची चढाई येऊन आदळली, त्याच टेकाडावर अब्राहम ब्रायन नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे बारा एकरांचे शेत होते. दक्षिणेचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरताच त्याने वाटेतल्या कृष्णवर्णीय माणसांना धरून गुलामगिरीत नेण्यास सुरुवात केली होती. त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेली माणसेही होती. ब्रायन बायकामुलांना घेऊन पळाला. परत आला तेव्हा घराच्या भिंतींना गोळ्यांची भोके पडली होती, कुंपण मोडले होते, पीक तुडवले गेले होते. त्याने १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. त्याच्या हाती पडले १५ डॉलर. त्याचे घर त्या टेकाडावर आजही उभे आहे. त्याच्या पलायनाचा पुनःप्रयोग करायला मात्र हजारो माणसे गणवेश शिवीत नाहीत.

जेनी वेडचेही तसेच. वीस वर्षांची ही मुलगी बाळंत झालेल्या बहिणीच्या घरी तिच्या मदतीला राहिली होती. ३ जुलैच्या सकाळी ती उत्तरेच्या सैनिकांसाठी भाकरीचे पीठ मळीत उभी असता, दोन दारे भेदून आलेल्या गोळीने तिचा प्राण घेतला. त्या लढाईत थेट गोळीने मेलेली गावकऱ्यांपैकी ती एकटीच. ज्या शिपायाने ती गोळी झाडली त्याला आपण कोणाला मारले हे कधी कळले नसेल.

आणि लढाई संपल्यावर काय झाले? प्रेक्षक ३ जुलैचे तिकीट काढतात. ४ जुलैचे तिकीट कोणी विकत नाही. जेमतेम २,४०० वस्तीच्या गावात वीस हजारांच्या वर जखमी आणि हजारो मेलेली माणसे व घोडे मागे टाकून दोन्ही सैन्ये निघून गेली. ५ जुलै हा रविवार होता. सुमारे सोळा किलोमीटरवरील एमिट्सबर्ग येथून डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या धर्मभगिनी आपल्या धर्मगुरूंबरोबर औषधे, मलमपट्ट्या आणि खाण्याचे जिन्नस घेऊन निघाल्या. अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या संत म्हणून १९७५ साली ज्यांना संतपद जाहीर झाले, त्या एलिझाबेथ ॲन सेटन यांनी १८०९ साली तेथे लावलेल्या रोपट्याचेच हे फळ. रस्त्यात प्रेते इतकी होती की ती चुकवीत गाडी हाकावी लागली. गावातील सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चचे रुग्णालय झाले होते. बाकांवर आणि फरशीवर जखमी निजवले होते. पांढऱ्या पंखांसारखे शिरोवस्त्र घातलेल्या त्या भगिनींनी कोणाचा गणवेश निळा आणि कोणाचा करडा, हे विचारले नाही. त्या तिसऱ्या पक्षाच्या होत्या.

वॉटर्लूच्या मृतांची कथा तर याहून विदारक आहे. हजारो माणसे आणि घोडे तेथे पुरले गेले, पण गेल्या काही वर्षांत संशोधकांना त्या भूमीत पूर्ण सांगाडे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले आहेत. २०२२ साली इतिहाससंशोधकांनी पुढे आणलेल्या पुराव्यांवरून असे दिसते की एकोणिसाव्या शतकात तेथील हाडे उकरून विकली गेली. काहींचे खत झाले, तर काहींचा कोळसा करून तो बिटाची साखर शुभ्र करण्यासाठी वापरला गेला. ज्या मैदानावर मृतांच्या अस्थीही राहू दिल्या नाहीत, त्याच मैदानाजवळ त्यांच्या पराक्रमाचा देखावा रोषणाईत साजरा होतो. देखाव्याला आणि स्मरणाला आपण एकच समजून चालतो, तेव्हा हे असे घडते.

गेटिसबर्गशी आम्हा धर्मगुरूंचे एक विशेष नाते आहे. २ जुलै १८६३ च्या दुपारी उत्तरेच्या सैन्यातील आयरिश ब्रिगेड गव्हाच्या शेतातील घनघोर लढाईकडे निघाली. पाच पलटणींची ही ब्रिगेड दोन वर्षांहून कमी काळात झिजत झिजत सुमारे ५३० माणसांवर आली होती. बहुतेक सारे कॅथोलिक होते. होली क्रॉस संघाचे फादर विल्यम कॉर्बी त्यांचे धर्मगुरू होते. प्रत्येकाचे पापनिवेदन ऐकायला वेळ नव्हता. फादर एका खडकावर चढले, पश्चात्ताप करण्याविषयी दोन शब्द बोलले आणि हात उंचावून त्यांनी सर्वांना सामुदायिक पापक्षमा दिली. शिपाई गुडघ्यांवर होते. जवळच उभे असलेले जनरल हॅनकॉक यांनीही डोक्यावरची टोपी काढली. काही मिनिटांनी ब्रिगेड पुढे गेली. त्या दिवशी तिने सुमारे दोनशे माणसे गमावली. फादर कॉर्बी पुढे नोटर डेम विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९१० साली त्याच रणभूमीवर त्यांचा पुतळा उभारला गेला. हात उंचावलेलाच आहे.

हा प्रसंग चित्रांत आला आहे, आणि हौशी सैनिकांमध्ये धर्मगुरूचा वेश करणारेही असतात. आम्हाला विचाराल तर येथे सोंगाची सीमा संपते. सेमिनरीत आम्हाला शिकवले गेले की संस्कारासाठी शब्द पुरेसे नाहीत. शब्दांमागे ख्रिस्तसभेचा हेतू लागतो, आणि पापक्षमेच्या संस्कारात समोर पश्चात्तापी अंतःकरण लागते. सामुदायिक पापक्षमेची मुभा १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही मृत्यूचा धोका समोर उभा असतानाच प्रामुख्याने दिली आहे. मृत्यू काढून घेतला की त्या उंचावलेल्या हाताला अर्थ राहत नाही. फादर कॉर्बींनी आपल्या आठवणींत एक गोष्ट नमूद केली आहे. ती पापक्षमा केवळ आपल्या ब्रिगेडसाठी नव्हती; उत्तरेचा असो वा दक्षिणेचा, जो कोणी आपल्या न्यायाधीशासमोर उभा राहणार होता आणि ती स्वीकारण्यास पात्र होता, अशा प्रत्येकासाठी आपण ती दिली होती, असे ते सांगतात. समोरून गोळ्या झाडणाऱ्यांनाही त्यांनी त्या हाताखाली घेतले. दोन फळ्यांच्या खेळात ही गोष्ट कशी दाखवणार?

येथे वाचक आम्हाला अडवतील. "फादर, गुड फ्रायडेला आपणही प्रभूच्या दुःखसहनाचा प्रयोग करतोच की! क्रूसावरचा तरुणही खाली उतरून घरी जातो." आक्षेप रास्त आहे आणि त्याचा काही भाग आम्ही मान्य करतो. चाबकाचे आवाज मोठे करण्यात आणि लाल रंग ओतण्यात आमची मुले जेव्हा रमतात, तेव्हा तोही देखावाच होतो, आणि त्याविषयी आम्ही त्यांना बोललोही आहोत. पण एक भेद राहतो. तेथे कोण जिंकले हे पाहायला कोणी येत नाही. दुःख सोसणारा एक जण मध्यभागी असतो आणि बाकीचे आपण सारे त्या गर्दीत असतो: पिलाताच्या अंगणात ओरडणारे, पळून गेलेले, दुरून रडणारे. प्रयोग संपल्यावर टाळ्या वाजत नाहीत. लोक गुडघे टेकतात. शिवाय ख्रिस्तसभेने आपले सर्वांत मोठे स्मरण नाटकाच्या हाती दिलेले नाही. पवित्र गुरुवारी वेदीवर तेरा माणसांना यहुदी वेश देऊन शेवटचे भोजन उभे केले जात नाही. भाकर मोडली जाते आणि वाटली जाते. प्रभूने आपल्या स्मरणार्थ जे करायला सांगितले, ते सोंग नव्हते. ते त्याच्या त्यागात सहभागी होणे होते.

असे स्मरण रणांगणावरही शक्य आहे, याचा एक दाखला गेटिसबर्गनेच दिला आहे. १९१३ साली लढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा दोन्ही बाजूंचे ५३ हजारांहून अधिक वृद्ध सैनिक तेथे तंबू ठोकून राहिले. ३ जुलैला पिकेटच्या तुकडीतील म्हातारे त्याच दगडी भिंतीकडे चालत गेले. पलीकडे त्यांना एके काळी गोळ्यांनी थोपवणारे म्हातारे उभे होते. भिंतीवरून हात पुढे आले आणि एकमेकांच्या हातांत मिळाले. ते काही सोंग नव्हते. ज्यांनी मरण पाहिले होते, ज्यांच्या अंगावर त्याच्या खुणा होत्या, त्यांनाच ती भिंत पुन्हा ओलांडण्याचा अधिकार होता. तरीही त्या मेळाव्याची एक बाजू काळवंडलेली आहे. दोन फळ्या एकत्र आल्या, पण ज्यांच्या मुक्तीसाठी एवढे रक्त सांडले त्या कृष्णवर्णीयांची आणि गुलामगिरीच्या पापाची आठवण भाषणांतून जवळजवळ पुसली गेली. समेट झाला तोही दोनच पक्षांचा. अब्राहम ब्रायन तेथेही बाहेरच राहिला.

आता त्या तरुणाला विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. वसईच्या लढाईत तो कोणत्या बाजूने उभा राहील? मराठी फौजेच्या वेशात तो गेला, तर आपल्याच पूर्वजांच्या चर्चवर चालून गेल्यासारखे त्याला वाटेल. पोर्तुगीज शिपायाच्या वेशात तटावर चढला, तर 'हे परकीयच' असा जो आरोप आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या ऐकला, तो त्याने स्वतःच्या हाताने अंगावर चढवल्यासारखे होईल. आणि खरे पाहता त्याचे पूर्वज यांपैकी कोणीच नव्हते. १७३७ पासून मोहीम साष्टी-वसईच्या मुलखात चालू होती. दोन वर्षे फौजा ज्यांच्या शेतांतून आणि वाड्यांतून गेल्या-आल्या, तो कादोडी आणि वाडवळी बोलणारा शेतकरी, तो कोळी, तो भंडारी, हेच आमचे पूर्वज. ते तिसऱ्या पक्षाचे होते. १६ मे १७३९ रोजी तह झाला. आठ दिवसांची मुदत मिळून पोर्तुगीज शिबंदी नगारे वाजवीत, शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडली. त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मुभा तहात होती. एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधाराने आमचे लोक येथेच राहिले, येथेच पेरीत राहिले, येथेच प्रार्थना करीत राहिले. लुटुपुटूच्या वेढ्यात शरणागतीचा बिगूल वाजला की खेळ संपतो. आमची गोष्ट मात्र त्या दिवसानंतर सुरू होते.

काही दिवसांनी ते तरुण पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांना हे सर्व सांगितले. बेत सोडून द्या असे म्हणालो नाही. बदला असे म्हणालो. तोफा, सुरुंग आणि गणवेश यांऐवजी सर्व मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरच्या सायंकाळी, किल्ल्यात चालत जावे असे ठरले. चिमाजी अप्पांच्या स्मारकापासून निघून सेंट जोसेफ चर्चच्या भग्न मनोऱ्यापर्यंत जायचे, वाटेत वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या गोष्टी सांगायच्या आणि शेवटी त्या वेढ्यात मेलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करायची, मग ते तटावरचे असोत, खंदकातले असोत वा शेतातले. पंचवीस-तीस माणसे आली. त्यांत आमच्या शेजारची दोन हिंदू कुटुंबेही होती. एका आजोबांनी आपल्या पणजोबांकडून ऐकलेली विहिरीची गोष्ट सांगितली. एका भगिनींनी वाडवळीतले गाणे म्हटले. अंधार पडू लागला तेव्हा आम्ही प्रार्थना म्हटली. प्रार्थना म्हणताना फादर कॉर्बींचा तो उंचावलेला हात आमच्या डोळ्यांपुढे होता.

परतताना तोच तरुण आमच्याबरोबर चालत होता. "फादर," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी किल्ल्याबाहेरच्या गावांतल्या आजी-आजोबांनाही बोलावूया. त्यांच्याकडे अजून गोष्टी असतील." आम्ही होकार दिला. त्याची यादी करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.